भरभराटीचे व्याकरण

मराठीत भरभराट होते ती नेहमी दुसऱ्याची. स्वतःची भरभराट झाल्याचे सांगणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. ‘सध्या माझी अगदी भरभराट चालू आहे, बरं का!’ असे वाक्य तुम्ही कुणाच्या तोंडून कधी ऐकले आहे काय? ऐकले असेल तर ते नाटकात, आणि तेही विनोदी. खऱ्या आयुष्यात गृहस्थांनी दुमजली घर बांधलेले असते, थोरला मुलगा पुण्यात चांगल्या नोकरीला असतो, दारात गाडी उभी असते. आणि ‘काय, कसं काय?’ असे विचारले की हे गृहस्थ मान किंचित कलती करून म्हणतात, ‘चाललंय आपलं. भागतंय.’

दिवाळी आली की मात्र हाच शब्द घरोघर उतू जातो. पूर्वी तो गुळगुळीत भेटकार्डावर यायचा, आता फोनवर पेटत्या पणतीच्या शेजारी बसून येतो. ‘ही दिवाळी आपणांस सुखाची, समृद्धीची व भरभराटीची जावो.’ अभ्यंगस्नान उरकून फराळाला बसेपर्यंत अशा पाचपन्नास भरभराटी जमा झालेल्या असतात आणि आपणही तितक्याच उदारपणे त्या परत पाठवतो. या देवघेवीत कुणालाच संकोच वाटत नाही. मग तीच गोष्ट स्वतःविषयी बोलायची म्हटली की जीभ का अडखळते?

मी शाळेत मराठी शिकवतो. बोलणारा तो प्रथम पुरुष, ज्याच्याशी बोलायचे तो द्वितीय, आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो तृतीय, हे मुलांना सांगता सांगता माझी वर्षे गेली. शिकवता शिकवता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. चांगले दिवस आल्याचे जे जे शब्द मराठीत आहेत, त्यांनी हे तीन पुरुष आपापसांत पंगतीतल्या पाटांसारखे वाटून घेतले आहेत. एकाच्या पाटावर दुसरा सहसा बसत नाही.

प्रथम पुरुषाच्या पाटावर बसलेले शब्द अगदी गरीब आहेत. चाललंय, बरं आहे, निभतंय, भागतंय. त्यांतला ‘भागतंय’ हा मला फार आवडतो. गरज भागते म्हणजे पुरी होते. गणितात एका संख्येने दुसरीला भागतात. आणि दिवसभर राबून माणूस थकतो-भागतो. पगाराला दूध, किराणा, मुलांच्या फिया आणि घराचा हप्ता यांनी भागायचे, बाकी शून्य उरली तर समाधान मानायचे, आणि महिनाअखेर स्वतः भागून जायचे. संसारी माणसाचे सगळे आत्मचरित्र या एका क्रियापदात मावते.

या बोलण्यामागे दृष्टीची भीती आहे हे उघडच आहे. पाहुणीने बाळाकडे बघून ‘बाळसं छान धरलंय हो!’ म्हटले, की ती उंबऱ्याबाहेर पडताच आजी मीठमोहऱ्या घेऊन उठते. पण सगळे काही भीतीवर ढकलून चालणार नाही. उभ्या पिकाकडे बोट दाखवून शेतकऱ्याला विचारा, ‘यंदा ज्वारी जोरात दिसते?’ तो म्हणेल, ‘दिसतीया खरी, पदरात पडंल तवा म्हणायचं.’ हा माणूस देवभोळा नव्हे, हिशेबी आहे. कणसात दाणा भरल्यावरही गारपीट होते, हे त्याने पाहिलेले असते. खळ्यातून घरात आणि घरातून बाजारात गेल्यावाचून पीक आपले नसते, म्हणून तो त्याला आधी ‘माझे’ म्हणत नाही.

हाच शेतकरी खळ्यावर धान्य मोजायला बसला की पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. लाभ, मग दोन, मग तीन. मोजणी सुरू होण्यापूर्वीच देवाचे नाव घ्यावे तसा हा लाभ. घरातही तीच रीत. नारळ आपण फोडतो, पण बोलताना तो ‘वाढवतो’. सुवासिनीची बांगडी पिचकते, पण तिने म्हणायचे, ‘बांगडी वाढली.’ डब्यातले कुंकू संपले तरी ते संपत नाही, वाढते. फुटणे, तुटणे आणि संपणे या तिन्ही अशुभ गोष्टींना आपल्या आज्ज्यापणज्यांनी वाढीचा शब्द दिला. पानात अन्न घालणे यालाही ‘वाढणे’च म्हणतात, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. जे दुसऱ्याच्या पानात पडते ते आपल्याकडून कमी होत नाही, वाढते, असा काही हिशेब त्या बायकांच्या मनात असावा.

आता तृतीय पुरुषाच्या पाटाकडे वळू. इथे शब्दांची नुसती चंगळ आहे. तो वर आला, पुढे आला, त्याने बस्तान बसवले, जम बसवला, नशीब काढले, त्याची चलती आहे. इथवर ठीक. पण बोलणाऱ्याचा आवाज जरा खाली आला की शब्दही उतरतात. तो गब्बर झाला, त्याने हात मारला, त्याला पैसा चढला, तो माजला. माणूस एकच, त्याचे दुकानही तेच. बदलतो तो बोलणाऱ्याचा आणि त्याचा संबंध. कौतुकापासून मत्सरापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या मराठीने बांधून ठेवल्या आहेत. ज्याला जिथे उभे राहायचे असेल तिथे त्याने उभे राहावे.

एक शब्दप्रयोग तर असा आहे की त्यात दोन्ही टोके आहेत. ‘पोरानं घराण्याचं नाव काढलं’ म्हटले की आईबापांची मान ताठ होते. ‘त्या पोराचं नाव काढू नका’ म्हटले की तीच मान खाली जाते. नाव तेच, काढणे तेच. मध्ये एक नकार आला की घराण्याचा दिवा होता तो घराबाहेर जातो.

या तृतीय पुरुषात एक जागा मात्र मला नेहमी बोचते. डॉक्टरांच्या ‘हाताला यश’ असते, एखाद्या वैद्याला ‘हातगुण’ असतो, इथपर्यंत ते औषधाइतकेच गोड. पण घरात नवी सून आली आणि त्याच वर्षी धंदा चालला, तर तो तिचा ‘पायगुण’. धंदा बसला, किंवा घरातले कुणी आजारी पडले, तर ती ‘पांढऱ्या पायाची’. धंदा करणारा, माल आणणारा, उधारी देणारा पुरुष. आणि त्याच्या नफ्यातोट्याचे खाते उघडले जाते ते माप ओलांडून कालपरवा घरात आलेल्या मुलीच्या पावलांवर. पायगुण हा शब्द कौतुकाचा म्हणून आपण चालवून घेतो. पण नाण्याची ही बाजू घेतली की ती बाजू आपोआप पदरात येते. ज्या घरात सुनेचा पायगुण कधीच निघत नाही, त्या घरातली सून मला सगळ्यांत सुखी वाटते.

राहिला द्वितीय पुरुष. हा आशीर्वादाचा पाट. वाकून नमस्कार केला की थोरांच्या तोंडून जे शब्द येतात ते ऐका. औक्षवंत हो. सुखी राहा. मोठा हो. यांतल्या ‘मोठा हो’ला मला नेहमी दाद द्यावीशी वाटते. किती मोठा, कशात मोठा, कुणापेक्षा मोठा, याचा काही उल्लेख नाही. पोर पाच वर्षांचे असेल तर नुसते सहा वर्षांचे झाले तरी आशीर्वाद फळला. आम्ही मास्तरलोक वर्गात ‘शाबास’ म्हणतो, तेही असेच. हा शब्द फारसी ‘शाद बाश’ यावरून आला, आणि त्याचा अर्थ ‘आनंदी राहा’. गणित बरोबर आले म्हणून मी मुलाला शाबास म्हणतो, तेव्हा मूळ शब्द त्याला गुणांविषयी काहीच सांगत नसतो. तो म्हणतो, बाबा रे, आनंदात राहा.

अलीकडे मात्र या पाटावर एक नवा पाहुणा ऐसपैस बसला आहे. ‘यशस्वी हो.’ वाढदिवसाला यशस्वी हो, परीक्षेला जाताना यशस्वी हो, मुंजीत यशस्वी हो. त्याला जागा करून देताना ‘मोठा हो’ आणि ‘सुखी राहा’ जरा कोपऱ्यात सरकले आहेत. म्हणून या शब्दाची चौकशी करणे मला भाग वाटले.

संस्कृतात ‘यश’ म्हणजे कीर्ती. यशस्वी म्हणजे ज्याचा लौकिक झाला तो. हिंदीत आजही यशाचा अर्थ कीर्ती हाच आहे. काम साधले तर हिंदी माणूस ‘सफलता’ म्हणतो, न साधले तर ‘असफलता’. म्हणजे फळ आले किंवा फळ आले नाही. झाड आहे, पुढच्या हंगामात पाहू. मराठीने मात्र काम साधण्यालाच यश म्हटले आणि न साधण्याला अपयश. आता संस्कृतात आणि हिंदीत अपयश म्हणजे बदनामी. एखाद्या मुलाचे इंग्रजीचे व्याकरण कच्चे राहिले, त्याला चार गुण कमी पडले, तर त्याच्या पदरी मराठीने शब्द टाकला तो दुष्कीर्तीचा! अर्थात बोलताना ही जुनी कुळकथा कुणाच्या मनात नसते. तरी निकालाच्या दिवशी ज्या घरांची दारे लागतात आणि ज्या घरांतले लोक शेजाऱ्यांना चुकवून बाजारात जातात, त्या घरांकडे पाहिले की वाटते, शब्दाचा तो जुना अर्थ मेलेला नाही, नुसता झोपलेला आहे.

आपल्या व्याकरणाने या शब्दाची धार पुष्कळ कमी केली होती, हेही सांगितले पाहिजे. ‘मी यश केले’ असे मराठीत म्हणता येत नाही. ‘मला यश आले’ असे म्हणतात. झोप येते, आठवण येते, हसू येते, तसे यश येते. आणि अपयशही येते. आलेली वस्तू जाऊही शकते. पाहुणा आला, चार दिवस राहिला, गेला. घर आपले ते आपलेच. पण शाळेबरोबर एक शब्द आला आणि त्याने ही सोय मोडली. तो शब्द ‘नापास’. मला नापास येत नाही. मी नापास होतो. एवढेच नव्हे, तर तो पुढे विशेषण होऊन नामाला चिकटतो. ‘नापास मुलगा’. जसा उंच मुलगा, गोरा मुलगा, तसा नापास मुलगा.

याच कामाला शाळेने दुसराही एक शब्द आणला होता, तो आपण नीट वापरला नाही. ‘उत्तीर्ण’ म्हणजे तरून पलीकडे गेलेला. परीक्षा ही नदी, आणि उत्तीर्ण तो पैलतीराला लागलेला. या हिशेबाने ‘अनुत्तीर्ण’ म्हणजे जो अजून पलीकडे पोचला नाही, अजून पाण्यात आहे तो. पाण्यात असलेल्या माणसाला काठावरचे लोक काय करतात? हात देतात, दोर टाकतात; निदान ओरडून धीर तरी देतात. शंभरात ३५ मिळवणाऱ्याला आपण ‘काठावर पास’ म्हणतो, तेव्हा ती नदी आपल्याला क्षणभर आठवते. पण ३४ वाल्याचे काय? तो काठापासून एक हात लांब आहे. एका हाताच्या अंतरावर असलेल्या पोराला जे शब्द ऐकावे लागतात ते नदीकाठचे नसतात. या बाबतीत परीक्षा मंडळ आपल्यापेक्षा शहाणे निघाले असे म्हणावे लागेल. पूर्वी दहावीला राहिलेल्या मुलाला ऑक्टोबरची वाट पाहावी लागे, आणि तोवर वर्ष हातचे जाई. २०१५ पासून ही फेरपरीक्षा जुलैत होऊ लागली. नदी तीच राहिली, नाव मात्र लवकर सुटू लागली.

आणि ज्या परीक्षेपायी हे सगळे रामायण, तिचे जुने नाव काय होते? मॅट्रिक. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. पुढे कित्येक पिढ्या ‘मॅट्रिक’ हा शब्द पदवीसारखा मिरवीत राहिल्या. हा शब्द लॅटिनमधल्या नोंदवहीच्या नावावरून आला. मॅट्रिक झाला म्हणजे वहीत नाव चढले, आता विद्यापीठात शिकायला या. दारावरच्या वहीत नाव लिहिणे, एवढाच त्याचा मूळ अर्थ. आपण त्या दारालाच देऊळ समजलो.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही, हे मला एकदा फार जवळून दिसले. एका शाळेचा सुवर्णमहोत्सव होता आणि स्मरणिकेच्या समितीत मलाही घेतले होते. स्मरणिकेत एक विभाग ठरला, ‘आमचे यशस्वी माजी विद्यार्थी’. मथळा एकमताने मंजूर झाला आणि वाद सुरू झाला तो नावांवर. डॉक्टर घ्यायचे, इंजिनियर घ्यायचे, परदेशी गेलेले तर छायाचित्रासह घ्यायचे, यावर दुमत नव्हते. मग कुणी विचारले, ‘दुकानदार घ्यायचे का?’ त्यावर चिटणीसांनी गंभीरपणे प्रतिप्रश्न केला, ‘केवढं दुकान?’ समितीत दोन तास चहा होत राहिला. शेतकरी कुणाच्या यादीत आलाच नाही; एक द्राक्षबागाईतदार मात्र आले, कारण त्यांची द्राक्षे परदेशी जात होती. माणूस गावातच राहिला तरी फळ विमानात बसल्यावर चालते, असा साधारण निकष पडला.

मी एका मुलाचे नाव सुचवले. समितीतले एक जण म्हणाले, ‘तो? अहो, तो दहावीला दोनदा उडाला ना?’ गोष्ट खरी होती. तो नववीत असताना त्याचे वडील गेले. घरी आई आणि पाठच्या दोन बहिणी. दहावीला गणितात राहिला, पुन्हा बसला, पुन्हा राहिला. मग गावातल्या मोटारी भरायच्या दुकानात झाडलोट करायला लागला. मोटारी म्हणजे विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी. त्या जळल्या की आतली तार काढून नवी भरावी लागते. झाडता झाडता तो पाहू लागला, पाहता पाहता शिकला, आणि काही वर्षांनी मालक थकल्यावर दुकान त्यानेच चालवायला घेतले. आता आसपासच्या दहाबारा गावांच्या मोटारी त्याच्याकडे येतात. दोन्ही बहिणींची लग्ने त्याने केली.

मी एकदा त्याच्या दुकानात बसलो होतो. समोर मोटारीचे कवच उघडे पडले होते, त्यात चोवीस खाचा होत्या, आणि तो तांब्याच्या तारेचे फेरे मोजून एकेका खाचेत बसवीत होता. शेजारी शाळकरी वही. तिच्यात कुठल्या मोटारीला किती नंबरची तार, एका गुंडाळ्याला किती फेरे, असे रकाने आखलेले. अक्षर तेच, माझ्या ओळखीचे, उजवीकडे झुकलेले. मी म्हटले, ‘काय रे, गणितात राहिला होतास ना?’

तो हसला. म्हणाला, ‘सर, तिथलं गणित चुकलं तर माझे गुण जायचे. इथं फेरे कमीजास्त झाले तर मोटार तापते आणि दुसऱ्याचा ऊस वाळतो. मग नीट मोजावंच लागतं.’

‘बाकी कसं काय?’

‘चाललंय, सर. भागतंय.’

आतून त्याची आई चहा घेऊन आली. तिने कप माझ्यापुढे ठेवला आणि पदराने हात पुसत म्हणाली, ‘गुरुजी, पोरानं माझं पांग फेडलं.’

पांग म्हणजे उणीव, ददात, काही नसण्याचे दुःख. ते फेडायचे असते, कर्ज फेडावे तसे. मराठीत यशाला इतका भारी शब्द दुसरा नाही, आणि तो तीन पुरुषांत कुठेच नीट बसत नाही. ‘मी आईचे पांग फेडले’ असे मुलगा म्हणू शकत नाही. म्हटले तर ते फिटलेले पांग पुन्हा अंगावर येईल. शेजारीपाजारी म्हणतात ते ऐकीव. हा शब्द उच्चारायचा खरा अधिकार ज्याने ती ददात सोसली त्याच एका माणसाला. डॉक्टर-इंजिनियरांच्या आयांनी तो म्हटला असेल, नसेल; माझ्यापुढे बसलेल्या आईने तो म्हटला होता. समितीपुढे मी ही हकीगत सांगितली. सगळ्यांनी माना डोलावल्या, एकदोघांचे डोळेही ओले झाले, आणि नाव मथळ्यात बसत नाही म्हणून गळले. मी मथळा बदलायचे सुचवून पाहिले. ‘आमचे मार्गी लागलेले माजी विद्यार्थी’ हे ऐकून समिती खळखळून हसली.

हसण्यासारखे त्यात खरोखर काही नव्हते. ‘मार्गी लागणे’ हा आईबापांचा शब्द आहे. मुलगा मार्गी लागला, मुलगी मार्गी लागली, की ती दोघे निर्धास्त झोपतात. त्या शब्दात शिखर नाही, फक्त वाट आहे, आणि आपले माणूस त्या वाटेवर चालते आहे एवढा दिलासा आहे.

असे घरगुती शब्द गोळा करता करता मला त्यांचे आणखी एक गोत्र सापडले. रोपाने मूळ धरले, जीव धरला. कणसाने दाणा धरला. पोराने बाळसे धरले, अंग धरले. पावसाने जोर धरला. धंद्याने बाळसे धरले. आणि वाईट दिवसांत माणसाने तग धरला, धीर धरला. मराठीत ज्याचे बरे चालते ते काहीतरी धरते. गंमत अशी की इंग्रजीतल्या ‘थ्राइव्ह’ या शब्दाचे मूळही धरण्यातच आहे. उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेत त्या धातूचा अर्थ पकडणे, झडप घालून धरणे असा, आणि त्यापासून झालेल्या क्रियापदाचा अर्थ आपल्यापाशी ओढून घेणे. समुद्रावर गलबते घेऊन हिंडणाऱ्या त्या लोकांना भरभराट म्हणजे हातात पकडणे वाटले. आमच्या कोरडवाहू कुळंब्याला ती मातीत धरून राहणे वाटली. एकाने मूठ वळली, दुसऱ्याने मूळ रोवले. इंग्रजीतला ‘सक्सेस’ तर त्याहून साधा आहे. त्याचा मूळ अर्थ ‘मागून येणे’ एवढाच. एका गोष्टीमागून दुसरी आली की ती सक्सेस, मग ती बरी असो वा वाईट. राजामागून गादीवर येणाऱ्याचा शब्दही त्याच घरचा. म्हणजे ज्या शब्दाची सारे जग इतकी पूजा करते, तोही जन्मतः कुणाला पहिला आणणारा नव्हता.

आणखी एक शब्द सांगतो आणि तुम्हांला फराळाला मोकळे करतो. तो ‘बरकत’. हा अरबी. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून दरबारातल्या परक्या शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, पुढे माधवराव पटवर्धनांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश करून असे शब्द निवडून दाखवले; पण बरकत स्वयंपाकघरातून हलली नाही, कारण तिच्या जागी बसेल असा दुसरा शब्द मिळेना. पगार वाढला तरी घरात बरकत नसू शकते. आणि एखाद्या बाईच्या हातालाच अशी बरकत असते, की पाच माणसांच्या आमटीत अवचित आलेले आठ पाहुणे जेवून उठतात, आणि पातेल्याच्या तळाशी तिच्यापुरती उरते. किती आले हे बरकत विचारत नाही, किती जणांना पुरले हे विचारते. यशाची यादी छापता येते, आणि तिच्यात प्रत्येकाला वेगळा नंबर असतो. बरकत एकट्याची होत नाही. तिला घर लागते, पंगत लागते.

लक्ष्मीपूजनाला आपण नाणी आणि दागिने मांडतो, आणि त्यांच्या शेजारी नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो. केर काढणाऱ्या वस्तूला लक्ष्मी म्हणणाऱ्या लोकांना भरभराट कशी येते हे पुरते ठाऊक असले पाहिजे.

तेव्हा वाचकहो, या चार दिवसांत एक करा. घरोघर पाहुणे येतील, आणि त्यांच्यापैकी कुणीतरी चकलीचा तुकडा मोडता मोडता विचारील, ‘काय, किती टक्के पडले?’ या प्रश्नाच्या धास्तीने आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसलेला एखादा मुलगा, एखादी मुलगी दहा घरांमागे एका घरात तरी असते. फराळाची ताटे बाहेर येतात तशी ती बाहेर येत नाहीत. त्यांची चौकशी करायचीच असेल तर आपल्या भाषेत पुष्कळ बरे शब्द आहेत. ‘बरं चाललंय ना?’ एवढे पुरे. त्यांना बाहेर बोलवा, आपल्या शेजारी बसवा, पान वाढा, आणि नमस्काराला वाकली तर म्हणा, मोठा हो, मोठी हो. कशात, ते त्यांचे त्यांना ठरवू द्या.